‘उचलत नाही’ आणि ‘उचलवत नाही’ : मज्जासंस्थेचे कार्यविकार व मेंदूचे चित्रण

१. विषयप्रवेश

वैद्यकाच्या प्रांतात भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने पाऊल टाकावे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. ज्या विकाराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे त्याचे निदान मात्र प्रथमपासूनच शब्दांत अडकलेले आहे. रुग्णाने काय म्हटले, वैद्याने त्याचा अर्थ काय लावला आणि घरच्यांनी त्याला कोणते नाव दिले, या तीन गोष्टींवर अशा रुग्णाचे पुढील आयुष्य अवलंबून राहत आले आहे.

मराठीत ‘मी हात उचलत नाही’ आणि ‘मला हात उचलवत नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्यात कर्ता प्रथमेत असून क्रिया घडत नाही एवढेच सांगितले आहे. त्यामागे अनिच्छा असू शकेल. दुसऱ्यात कर्त्याने चतुर्थीचे रूप घेतले आहे. आपण त्याऐवजी ‘माझ्याने’ असे तृतीयेचे रूपही वापरतो. क्रियापदाला ‘व’ हा प्रत्यय लागून सामर्थ्याचा अभाव व्यक्त झाला आहे. आपल्या व्याकरणकारांनी अशा रूपांचा ‘शक्य क्रियापदे’ असा स्वतंत्र वर्ग केला आहे. याखेरीज ‘मला उचलता येत नाही’ व ‘मला उचलायचा नाही’ अशीही रूपे आहेत. त्यांपैकी एकात कौशल्याचा वा शक्यतेचा अभाव आहे, तर दुसऱ्यात उघड नकार आहे. भाषेने इतक्या बारकाईने वेगळे केलेले हे अर्थ दवाखान्यात मात्र पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. रुग्ण ‘उचलवत नाही’ म्हणतो आणि ऐकणारा ‘उचलत नाही’ असे ऐकतो. तेथून ‘सोंग’ आणि ‘नाटक’ हे शब्द फार दूर नसतात.

या दोन विधानांतील भेद मेंदूच्या चित्रात दिसतो काय, आणि दिसत असल्यास त्या चित्रावरून एखाद्या विशिष्ट रुग्णाचे निदान करता येते काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नावांचा इतिहास

ज्या विकारांना पूर्वी ‘हिस्टेरिया’ म्हणत त्यांना आता मज्जासंस्थेचे कार्यविकार म्हटले जाते. अवयव लुळा पडणे, कंप सुटणे, अपस्मारासारखे झटके येणे, दृष्टी वा वाचा जाणे, अंगाच्या एका भागाची संवेदना नाहीशी होणे ही त्यांची लक्षणे होत. मज्जातंतू तुटलेला नसतो, मेंदूत गाठ नसते, रक्तवाहिनी बंद पडलेली नसते. तरीही क्रिया बिघडलेली असते. तंबोऱ्याची तार तुटली तर सूर निघत नाही हे खरे; परंतु तार शाबूत असूनही जुळणी उतरली तर सूर बिघडतोच. पहिला रचनेचा विकार होय, दुसरा कार्याचा. मराठीत यासाठी ‘कार्यात्मक’ असे विशेषणही योजले जाते. परंतु ते ‘कार्य करणारे’ असा उलटा भास निर्माण करते. म्हणून प्रस्तुत लेखात ‘रचनाविकार’ आणि ‘कार्यविकार’ ही जोडी स्वीकारली आहे.

जुन्या नावांनी रुग्णांचे फार नुकसान केले. ‘हिस्टेरिया’ या शब्दाच्या मुळाशी गर्भाशय या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आपल्याकडे त्याला प्रतिशब्द म्हणून ‘योषापस्मार’ रूढ झाला. हा समास योषा म्हणजे स्त्री आणि अपस्मार म्हणजे फेफरे यांचा झालेला आहे. अशा रीतीने दोन भिन्न संस्कृतींतील नावांनी विकार स्त्रीजातीच्या माथी मारला. वस्तुतः तो पुरुषांनाही होतो आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को याने पुरुष रुग्णांची उदाहरणे मुद्दाम मांडली होती.

शार्कोच्या नावाबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. त्याच्या रुग्णालयातील झटक्यांची छायाचित्रे १८७६ पासून खंडरूपाने प्रसिद्ध झाली. रोग चित्रात दिसला म्हणजे तो सिद्ध झाला, ही श्रद्धा त्यामागे होती. पुढे आक्षेप असा आला की छायाचित्रकारासमोर वारंवार उभे राहून रुग्ण त्या अवस्था शिकलेच असावेत. यावरून असे दिसून येईल की या विकाराच्या बाबतीत चित्राचा मोह नवा नाही. फक्त यंत्र बदलले आहे.

१८९५ मध्ये ब्रॉयर व फ्रॉइड यांनी मनातील संघर्षाचे शारीरिक लक्षणात रूपांतर होते अशी उपपत्ती मांडली आणि ‘रूपांतरण’ हे नाव रूढ झाले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीने मानसिक आघात सापडलाच पाहिजे ही अट काढून टाकली. आघाताचा पूर्वेतिहास अनेक रुग्णांत आढळतो, पण सर्वांत नाही. आणि तो आढळला म्हणजे निदान झाले असेही नाही.

३. निदानाची आजची रीत

इतर सर्व तपासण्यांत काही सापडले नाही की उरलेल्या रिकाम्या जागेत हे नाव लिहावयाचे, अशी पूर्वीची रीत होती. तिच्यावर सर्वांत कठोर प्रहार इंग्रज मनोविकारतज्ज्ञ एलियट स्लेटर याने १९६५ मध्ये केला. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात हिस्टेरियाचे निदान झालेल्या ८५ रुग्णांचा त्याने पाठपुरावा केला आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत पुढे दुसराच काही आजार निघाला असे दाखविले. ही भीती वैद्यांच्या मनात दीर्घकाळ घर करून राहिली. तथापि त्याच रुग्णालयातील ६४ रुग्णांचा जो पाठपुरावा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात लक्षणांचा उलगडा करणारा नवा मज्जाविकार केवळ तिघांत आढळला. २००५ मध्ये २७ अभ्यासांतील १४६६ रुग्णांचा एकत्र विचार झाला, तेव्हा चुकीच्या निदानाचे प्रमाण १९५० च्या दशकात २९ टक्के आणि १९७० नंतर ४ टक्के असल्याचे दिसले. ही सुधारणा क्ष-किरणांच्या संगणकीय छेदचित्रणामुळे, म्हणजे सी. टी. स्कॅनमुळे, झाली असे कोणालाही वाटेल. कारण ते यंत्र लंडनमध्ये १९७१ मध्येच प्रथम रुग्णासाठी वापरले गेले. परंतु संशोधकांचा निष्कर्ष वेगळा होता. घट झाली ती बहुधा अभ्यासांचा दर्जा सुधारल्यामुळे, यंत्रामुळे नव्हे, असे त्यांनी नमूद केले.

आजचे निदान अभावावर नव्हे, तर प्रत्यक्ष चिन्हांवर उभे असते. अशा चिन्हांपैकी सर्वांत प्रसिद्ध चिन्ह हूव्हर याने १९०८ मध्ये वर्णिले. उताणे निजलेल्या रुग्णास दुर्बल पायाची टाच खाली दाबावयास सांगितले असता त्याला ती दाबवत नाही. नंतर त्यास निरोगी पाय विरोधाविरुद्ध वर उचलावयास सांगावे. त्या वेळी दुर्बल पायाची टाच आपोआप जोराने खाली दाबली जाते. याचा अर्थ असा की मार्ग शाबूत आहे. लक्ष त्या अवयवाकडे वळले की शक्ती जाते आणि लक्ष दुसरीकडे गेले की ती परत येते. कंपाच्या बाबतीत निरोगी हाताने ठेका धरावयास सांगितले की कंप त्या ठेक्यात मिसळतो किंवा थांबतो. वाचा गेलेल्या रुग्णाचा खोकला पुष्कळदा खणखणीत असतो. म्हणजे स्वरतंतू जुळू शकतात, फक्त बोलण्यासाठी जुळत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही चिन्हे म्हणजे रुग्णाला ‘पकडण्याचे’ सापळे नव्हेत. हूव्हरचे चिन्ह इच्छेने होणारी हालचाल व आपोआप होणारी हालचाल यांतील तफावत दाखविते. लबाडी दाखवीत नाही. किंबहुना ‘तुमचा पाय चालू शकतो, हे पहा’ असे म्हणून तेच चिन्ह रुग्णास समजावून सांगणे हा आज उपचाराचा प्रारंभ मानला जातो.

अशा निदानात नेहमीच्या चित्रणाचे स्थान मर्यादित परंतु आवश्यक आहे. अर्धांगवायू, गाठ, मल्टिपल स्क्लेरॉसिस यांसारखे रचनाविकार आहेत किंवा नाहीत हे त्यावरून कळते. मात्र चित्र निर्दोष असणे हा कार्यविकाराचा पुरावा नव्हे, आणि चित्रात काही दोष दिसणे हा कार्यविकार नसल्याचा पुरावा नव्हे. एकाच रुग्णात दोन्ही नांदू शकतात. एका प्रसंगी चित्रण बरेच उपयोगी ठरते. कंपवातात डोपामिनवाहक पेशी झिजतात आणि किरणोत्सर्गी द्रव्य वापरून घेतलेल्या विशिष्ट चित्रात ती झीज दिसते. कंपवातासारख्या दिसणाऱ्या कार्यविकारात ती दिसत नाही. परंतु औषधांच्या दुष्परिणामाने आलेल्या कंपवातसदृश अवस्थेतही ती दिसत नाही. म्हणजे येथेही चित्र एक शक्यता दूर करते, दुसरी सिद्ध करीत नाही. झटक्यांच्या बाबतीत तर निर्णायक साधन चित्रण नव्हेच. हान्स बर्गर याने १९२४ मध्ये प्रथम नोंदलेला व १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेला मेंदूचा विद्युत्-आलेख आणि त्याच वेळी घेतलेले झटक्याचे चलच्चित्र, ही जोडी तेथे प्रमाण मानली जाते.

४. कार्यदर्शी चित्रण म्हणजे काय

चुंबकीय अनुस्पंदनाने घेतलेले चित्र, ज्याला व्यवहारात एम. आर. आय. म्हणतात, मेंदूची रचना दाखविते. मेंदूचे कार्य दाखविण्याची युक्ती सेइजी ओगावा व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. मेंदूचा एखादा भाग अधिक काम करू लागला की तिकडे प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायू असलेल्या व नसलेल्या रक्तारुणाचे चुंबकीय गुण भिन्न असतात. हा भेद यंत्र टिपते. म्हणजे यंत्र विचार टिपीत नाही आणि मज्जापेशींची स्पंदनेही टिपीत नाही. पेशींच्या कामाच्या मागोमाग, सुमारे पाच-सहा सेकंदांनी कळसास पोहोचणारा रक्ताचा प्रतिसाद ते टिपते. काही मिलिमीटर बाजूच्या एका घनात लक्षावधी पेशी असतात आणि त्या सर्वांचा मिळून एकच आकडा मिळतो. छापील पृष्ठावर लाल-पिवळे दिसणारे ठिपके हे छायाचित्र नसून दोन अवस्थांतील सूक्ष्म फरकाचा संख्याशास्त्रीय नकाशा असतो. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर पुढील सर्व विवेचनाचा विपर्यास होण्याचा संभव आहे.

५. चित्रणाने काय दाखविले

या साधनांनी मिळालेले ज्ञान अल्प असले तरी मोलाचे आहे. १९९७ मध्ये मार्शल व सहकाऱ्यांनी डावे अंग लुळे पडलेल्या एका स्त्रीचे पॉझिट्रॉन-चित्रण प्रसिद्ध केले. तिने डावा पाय हलविण्याचा प्रयत्न केला तेव्हा मेंदूतील अपेक्षित प्रेरक क्षेत्र जागे झाले नाही. त्याऐवजी कपाळामागील व मध्यरेषेजवळील काही नियामक भाग उद्दीपित झाले. २००० मध्ये स्पेन्स व सहकाऱ्यांनी थोड्या रुग्णांची तुलना मुद्दाम दुर्बलतेचे सोंग करणाऱ्या निरोगी माणसांशी केली, तेव्हा दोन्ही गटांतील मेंदूच्या पुढच्या भागाचा व्यवहार वेगवेगळा दिसला. २००१ मध्ये व्ह्यूयमिए व सहकाऱ्यांनी सात रुग्णांत असे दाखविले की लक्षणाच्या विरुद्ध बाजूस थॅलॅमस व तळगंडिका यांची क्रिया मंदावते, आणि ज्या चौघांना बरे वाटले त्यांच्यात ती पूर्ववत् होते. २०१० मध्ये व्हॅलेरी व्हून व सहकाऱ्यांना भावनांशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग आणि हालचालीची पूर्वतयारी करणारे क्षेत्र यांतील दुवा रुग्णांत निरोग्यांपेक्षा अधिक घट्ट आढळला.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रयोग त्याच वर्षीचा आहे. कार्यविकारजन्य कंप असलेल्या आठ रुग्णांच्या मेंदूचे चित्रण एकदा स्वाभाविक कंपाच्या वेळी आणि एकदा तसाच कंप मुद्दाम करावयास सांगून घेतले गेले. हालचाल एकसारखीच होती. परंतु स्वाभाविक कंपाच्या वेळी, उजवीकडील शंखखंड व पार्श्वखंड जेथे मिळतात त्या क्षेत्राची क्रिया कमी होती. हे क्षेत्र तुलनेचे काम करते असे मानले जाते. आपण हालचाल करतो तेव्हा तिच्यापासून होणाऱ्या संवेदनेचे भाकीत मेंदू आधीच करतो. भाकीत व अनुभव जुळले की ‘हे मी केले’ अशी जाणीव होते. आपणच आपल्याला गुदगुल्या करू शकत नाही याचे कारण हेच. ही जुळणी बिघडली म्हणजे हात हलतो, पण तो ‘मी हलविला’ असे वाटत नाही.

मराठीने हा भेद क्रियापदांच्या जोड्यांत साठवून ठेवला आहे. ‘पेला पडला’, ‘पेला माझ्या हातून पडला’ आणि ‘मी पेला पाडला’ या तीन वाक्यांत घटना एकच आहे, कर्तृत्व मात्र क्रमाक्रमाने वाढत गेले आहे. कंपाचा रुग्ण ‘हात थरथरतो’ म्हणतो, ‘मी हात थरथरवतो’ असे म्हणत नाही. रुग्णाच्या या अकर्मक वाक्याला मेंदूत काही आधार आहे, एवढे वरील प्रयोगाने दाखविले. इंग्रज शल्यविशारद जेम्स पॅजेट याने १८७३ मध्येच असमर्थता, अनिच्छा आणि इच्छाशक्तीचीच असमर्थता असे तीन भेद केले होते. त्यांतील तिसऱ्या भेदाला चित्रणाने सव्वाशेहून अधिक वर्षांनी काहीसा पाठिंबा दिला असे म्हणावयास हरकत नाही.

६. समूह आणि व्यक्ती

परंतु समूहाविषयीचे विधान आणि व्यक्तीविषयीचे निदान यांत मोठी दरी आहे. बोलीच्या अभ्यासकास हे सांगावयास नको. वऱ्हाडातील शंभर व पुण्यातील शंभर भाषकांच्या एखाद्या स्वराचे मापन केले आणि दोन सरासऱ्यांत निश्चित फरक सापडला, तरी त्यावरून एका अनोळखी माणसाचा केवळ एक स्वर ऐकून त्याचे गाव सांगता येत नाही; कारण दोन समूहांचे आकडे एकमेकांवर पसरलेले असतात.

एकेका रुग्णाचे वर्गीकरण यंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ रुग्ण व २५ निरोगी माणसे यांचे विश्रांतावस्थेतील चित्रण संगणकास देण्यात आले. रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के आणि निरोग्यांपैकी ६८ टक्के व्यक्ती त्याने बरोबर ओळखल्या. २०२२ मध्ये चार केंद्रांतील ८६ रुग्ण व तितकीच निरोगी माणसे घेऊन हा प्रयोग झाला, तेव्हा यश ७२ टक्क्यांपर्यंत गेले. नाणे उडवूनही ५० टक्के यश मिळते हे ध्यानात घेता ही प्रगती खरी आहे. पण ती कोठपर्यंत नेते हे हिशेब करून पाहिले पाहिजे.

स्कॉटलंडमध्ये मज्जाविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात प्रथमच आलेल्या तीन हजार सातशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीत कार्यविकार व मानसिक कारणे यांचे निदान सुमारे १६ टक्क्यांत झाले होते. केवळ हिशेबापुरते हेच प्रमाण धरू. अशा १०० रुग्णांपैकी १६ जणांस कार्यविकार आहे. यंत्र त्यांपैकी ११ ओळखील. उरलेल्या ८४ जणांपैकी ३२ टक्के, म्हणजे २७ जणांवर यंत्र तेच शिक्कामोर्तब चुकीने करील. एकूण ३८ शिक्क्यांपैकी ११ खरे. म्हणजे दहांपैकी सुमारे तीनच. शिवाय यंत्राने रुग्णांची तुलना केली होती ती निरोगी माणसांशी. डॉक्टरापुढील प्रश्न ‘हा माणूस निरोगी आहे की आजारी’ असा नसतो. ‘याला कार्यविकार आहे की मल्टिपल स्क्लेरॉसिस’ असा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर या प्रयोगांनी दिलेले नाही.

दुसरी अडचण तर्काची आहे. भीती वाटली की अमिग्डाला उद्दीपित होतो. म्हणून अमिग्डाला उद्दीपित झाला की भीती वाटत होती, असे म्हणता येत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. पण अग्नीवरून धुराचे अनुमान करू गेल्यास तप्त लोहगोलकाशी गाठ पडते, हे आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. मेंदूतील एकच भाग अनेक कामे करीत असल्यामुळे अशा उलट अनुमानाचा बाध येथे पदोपदी संभवतो.

७. पुण्यातील एक निकाल

हा धोका केवळ तात्त्विक नाही हे पुणेकरांना वेगळे सांगण्याचे कारण नसावे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात दोघांना दोषी ठरविले. त्या निकालात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युत्-आंदोलनांच्या चाचणीचाही आधार घेण्यात आला होता आणि जगभरच्या शास्त्रज्ञांत व कायदेपंडितांत त्याची चर्चा झाली. ही चाचणी चित्रणाची नव्हे, विद्युत्-आलेखाची होती, आणि प्रश्न आजाराचा नव्हे, अपराधाचा होता; परंतु तर्काची घडण तीच होती. संशयिताच्या डोक्यावर विद्युदग्रे बसवितात. घटनेविषयीची प्रथमपुरुषी वाक्ये त्यास ऐकवितात. त्याने उत्तर द्यावयाचे नसते. एखाद्या वाक्यास मेंदूने विशिष्ट प्रतिसाद दिला तर त्या कृत्याचा ‘अनुभव’ त्याच्यापाशी आहे, असे मानले जाते.

भाषेच्या अभ्यासकास येथे तत्काळ शंका येते. वाक्य ऐकून मेंदूने दिलेला प्रतिसाद वाक्यार्थ, शब्दांची ओळख, अपेक्षा, भय, चौकशीत तेच शब्द पूर्वी शंभर वेळा ऐकलेले असणे, अशा अनेक कारणांनी बदलू शकतो. त्यांतून ‘स्वतः केले’ एवढाच घटक निवडून काढण्याची रीत सिद्ध झालेली नव्हती. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने २००८ मध्येच ही पद्धत शास्त्रीय कसोटीस उतरत नसल्याचे मत दिले. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात असा निर्णय दिला की संमतीवाचून अशी चाचणी करणे हे संविधानाच्या २० व २१ या अनुच्छेदांशी विसंगत आहे.

कार्यविकाराच्या रुग्णाला याचे महत्त्व फार आहे. उद्या विमा कंपनीने, मालकाने किंवा न्यायालयाने ‘याच्या मेंदूचे चित्र काढा आणि हा सोंग करतो की काय ते सांगा’ अशी मागणी केली, तर वर वर्णिलेल्या थोड्याशा रुग्णांवरील प्रयोगांचा आधार देऊन होकार वा नकार देणे हे शास्त्राच्या नावाने केलेले धाडस ठरेल.

८. कथनाची साक्ष

मग व्यक्तीचे निदान करण्यास साहाय्यभूत अशी दुसरी कोणती सामग्री आहे? येथे आपल्या विषयाचा संबंध अनपेक्षितपणे येतो. जर्मनीतील बीलेफेल्ड येथे एलिझाबेथ ग्यूलिश प्रभृती भाषाशास्त्रज्ञांनी झटके येणाऱ्या रुग्णांच्या संभाषणांचा अभ्यास केला आणि तोच धागा इंग्लंडमधील शेफील्ड येथे मार्कुस रॉयबर यांनी पुढे नेला. डॉक्टराने सुरुवातीस मोकळा प्रश्न विचारावा, मध्ये बोलू नये, आणि रुग्ण झटक्याचे वर्णन कसे करतो ते पाहावे, अशी ही रीत आहे. अपस्माराचा रुग्ण झटक्यातील स्वानुभव शब्दांत धरण्याची धडपड करतो. अडखळतो, वाक्य मोडतो, पुन्हा जुळवितो, स्मृतीतील खंड नेमका कोठे पडला ते सांगतो. कार्यविकाराच्या झटक्यांचा रुग्ण झटका कोठे आला, कोण जवळ होते, नंतर काय घडले हे सांगतो. आतील अनुभवाविषयी विचारले तरी ‘काही कळत नाही’ असे म्हणून थांबतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निदान ठाऊक नसलेल्या भाषाशास्त्रज्ञांनी केवळ मुलाखतींवरून २० पैकी १७ रुग्णांचे निदान बरोबर ओळखले. पुढे इटालियन भाषकांवरही ही रीत पडताळून पाहिली गेली.

१७ आणि २० हे आकडे लहान आहेत. त्यांवर उत्साहाचा डोलारा उभारू नये. पण प्रश्न योग्य होता हे मान्य केले पाहिजे: निरोगी की आजारी असा तो नव्हता, दोन आजारांपैकी कोणता असा होता. साधनही केवळ ध्वनिमुद्रण यंत्र आणि प्रशिक्षित कान एवढेच होते.

ही रीत मराठीत जशीच्या तशी आणता येईल काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. याच संशोधकांच्या रूपकांविषयीच्या अभ्यासात असे दिसले की अपस्माराचे इंग्रजी भाषक रुग्ण झटक्याला बाहेरून चालून येणारी शक्ती किंवा घटना मानतात, तर दुसऱ्या गटातील रुग्ण तो आपण ज्यातून जातो असा एखादा प्रदेश असल्यासारखे बोलतात. मराठीत झटका सर्वांनाच ‘येतो’. फिट येते, आकडी येते, घेरी येते, तशीच भूकही ‘लागते’ आणि रागही ‘येतो’. अनुभवणारा चतुर्थीत आणि अनुभव प्रथमेत, ही आपल्या भाषेची सर्वसाधारण ठेवण आहे. तेव्हा ‘मला झटका येतो’ या वाक्यातील ‘येणे’ हे रुग्णाने निवडलेले रूपक नसून व्याकरणाने हाती दिलेले आहे; त्यास निदानाचे चिन्ह मानणे चूक होईल. त्याउलट जेथे भाषा निवडीस वाव देते तेथे लक्ष द्यावे लागेल: ‘मी पडले’, ‘मला पाडले’, ‘शुद्ध गेली’, ‘शुद्ध हरपली’, ‘अंगात आल्यासारखे झाले’, ‘बोलवत नव्हते’, ‘बोलायला जमत नव्हते’. बोली, जात, वय, शिक्षण यांनुसार यांचे वाटप कसे होते हे आधी निरोगी भाषकांत पाहिले पाहिजे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी रुग्णालयांच्या सहकार्याने, रुग्णांची संमती घेऊन व त्यांची ओळख गुप्त राखून हाती घेण्याजोगे हे काम आहे.

‘अंगात येणे’ या शब्दप्रयोगाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. देवळात, जत्रेत, परंपरेने ठरलेल्या प्रसंगी अंगात येणे याला वैद्यक आपोआप विकार ठरवीत नाही. परंतु झटके येणाऱ्या मुलीच्या झटक्यांना ‘बाधा’ हे नाव मिळाले की ती मांत्रिकाकडे जाते आणि कधी मारही खाते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने भूत उतरविण्याच्या नावाखाली असा छळ करणे दंडनीय ठरविले आहे. ‘बाधा’ म्हटले की मार मिळतो, ‘नाटक’ म्हटले की उपेक्षा मिळते. दोन्ही नावांनी उपचार मात्र मिळत नाही.

९. समारोप

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. रचनाविकार शोधण्यासाठी चित्रण अवश्य आहे. कार्यविकार कसा घडतो हे समजण्यासाठी कार्यदर्शी चित्रण मोलाचे आहे. कारण रुग्णाची असमर्थता व सोंग यांत मेंदूच्या पातळीवर फरक असल्याचे त्याने समूहापुरते सुचविले आहे. परंतु एका विशिष्ट रुग्णाचे निदान त्यावरून करणे आज समर्थनीय नाही. ते निदान हूव्हरच्या चिन्हासारख्या प्रत्यक्ष तपासणीवर, विद्युत्-आलेखावर आणि लक्षपूर्वक ऐकलेल्या कथनावर उभे आहे.

शेवटी पुन्हा त्या शक्य क्रियापदाकडे वळावेसे वाटते. ‘मला हात उचलवत नाही’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा तो आपल्या भाषेतील अचूक रूप वापरीत असतो. त्याचा अर्थ ऐकणाऱ्याने बदलू नये, एवढी अपेक्षा बाळगण्याचा त्याला अधिकार आहे. चित्रण यंत्राची सोय असो वा नसो, ही अपेक्षा पुरी करणे कोणत्याही दवाखान्यात आणि कोणत्याही घरात शक्य आहे.